माझ्या पोराला अर्धाच सुपरमॅन कळला: सीमाभागातून एक खुलं पत्र

प्रति,
सुपरहिरोंचे सिनेमे आणि सिरीज भारतात आणणाऱ्या सगळ्या वितरण कंपन्या, ओटीटीवर कुठल्या भाषेचा ट्रॅक टाकायचा हे ठरवणारी मंडळी, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले थिएटरवाले यांस,

नमस्कार.

मी बेळगावचा. वडगावात माझं छोटं टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म, फॉल-पिको असलं काम, दिवसभर मशीनवर बसायचं आणि शेजारी मोबाईल उभा करून ठेवायचा, त्यामुळं तुमचे सिनेमे आणि सिरीज मी जेवढ्या बघितल्यात तेवढ्या आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी बघितल्या नसतील. २०१९ ला २६ एप्रिलला ‘अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम’ लागला तेव्हा ऐन लग्नसराईत दुकानाचं शटर ओढून मी पहिल्या दिवशी गेलो होतो, तीन तासांचा सिनेमा आणि मी जागेवरून हललो नव्हतो. हे आधी सांगतोय कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की ह्याला असल्या सिनेमांचा राग आहे. राग अजिबात नाही. जीव आहे म्हणून लिहितोय.

तक्रार एकच आहे, तुम्ही हे सगळं मराठीत आणत नाही. आणि त्याचा त्रास कुणाला होतो ते तुम्हाला माहीत नसेल असं धरून मी सविस्तर सांगतो.

२०२५ च्या जुलैत नवा ‘सुपरमॅन’ आला. भाषा चार: इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू. माझा पोरगा आठ वर्षांचा, मराठी शाळेत तिसरीत जातो. मराठी त्याची घरची, कन्नड गल्लीत खेळून खेळून चांगलं येतंय, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचतो, हिंदी मात्र शाळेत अजून सुरूच झालेली नाही. महिनाभर त्याचं एकच, सुपरमॅन बघायचा. मी हिंदीच्या शोची तीन तिकिटं काढली, तो, मी आणि आई. आईला पण नेलं कारण नातवाबरोबर थिएटरात बसायची तिची फार दिवसांची इच्छा. आईनं पस्तीस वर्षं मागावर काढलीत, मागाच्या त्या खटखटीनं तिचा कान कमी झालाय, हळू बोललेलं तिला ऐकू येत नाही.

मध्ये मी बसलो, एका बाजूला पोरगा, एका बाजूला आई. सुपरमॅनचा तो क्रिप्टो नावाचा कुत्रा धिंगाणा घालत होता तोवर दोघं खूश होते. पण हा सिनेमा नुसता मारामारीचा नाही, त्यात बोलणं भरपूर आहे, आणि बोलणं वाढलं तसं पोरगं माझी बाही ओढायला लागलं, “पप्पा, काय म्हणूलाय तो?” मी त्याच्या कानात सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची. आईला सांगायचं तर मोठ्यानं सांगायला पाहिजे. पुढच्या रांगेतल्या माणसानं एकदा वळून बघितलं, दुसऱ्यांदा म्हणाला, “घरी जाऊन बोला की ओ.” त्याचं काही चुकलं नाही, त्यानंपण पैसे मोजलेत. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे त्या दोघांचा सिनेमा तिथंच बंद झाला. इंटर्व्हलनंतर आई पदर तोंडावर घेऊन डोळे मिटून बसली, झोपली नव्हती, तिला मी ओळखतो.

ज्यांनी बघितला नसेल त्यांनी हा पुढचा भाग सोडून वाचा. त्या सिनेमात सुपरमॅनच्या खऱ्या आईबापांनी त्याच्यासाठी एक निरोप ठेवलेला असतो. निरोपाचा पुढचा भाग खराब झालेला, त्यामुळं त्याला अर्धाच माहीत असतो, आणि त्या अर्ध्या निरोपावर त्यानं आपलं सगळं आयुष्य उभं केलेलं असतं की मला माणसांच्या भल्यासाठी पाठवलंय. मग उरलेला अर्धा शत्रू शोधून काढतो आणि त्यात भलतंच असतंय. जग उलटं होतं त्याचं. शेवटी शेतावर त्याला वाढवणारा बाप त्याच्याजवळ बसून दोन साधी वाक्यं बोलतो आणि तो सावरतो. माझ्या मते सगळा सिनेमा त्या शेतावरच्या बोलण्यात आहे, आजवरच्या सुपरमॅनमध्ये हा मला सगळ्यात जवळचा वाटला तो त्या बापामुळं. आणि नेमकं तेच माझ्या पोराला कळलं नाही. घरी येताना गाडीवर मागं बसून तो मला विचारत होता की त्याच्या आईबापांनी त्याला फसवलं काय. मी सांगितलं रे त्याला सगळं, रात्री अंथरुणावर सांगितलं, पण मी सांगणं आणि त्या बापानं पडद्यावर मराठीत सांगणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमचं उत्तर मला पाठ आहे. मी एका ओटीटी कंपनीला मागं लिहिलं होतं की मराठी ट्रॅक टाका, तर तिकडून आलं की मराठी प्रेक्षक हिंदीत कम्फर्टेबल असतात, तुमची सूचना संबंधित विभागाकडं पाठवली आहे. इथल्या एका थिएटरात विचारलं तर “डिमांड नाही सर.” डिमांड कशी दिसणार हो, जी वस्तू दुकानात ठेवलीच नाही ती किती जणांनी मागितली हे कसं मोजता तुम्ही?

मराठी माणसाला हिंदी कळतंच. हे एक वाक्य आहे ना, ते सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. हे तुम्ही मुंबईत बसून ठरवलंय. मुंबईत रिक्षात, भाजी घेताना, ऑफिसात हिंदी असेल, आमच्याकडं नाही. बेळगावात बाजारात मराठी चालतंय नाहीतर कन्नड चालतंय. गणपत गल्लीत माझी आई भाजी मराठीत घेते, समोरची बाई कन्नडमध्ये भाव सांगते, दोघींचं व्यवस्थित जमतं, हिंदी मध्ये कुठं येतच नाही. माझ्या आईला हिंदी म्हणजे जुन्या गाण्यांपुरती. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, खानापूरकडच्या खेड्यांत जाऊन बघा, साठीच्या पुढच्या बायकांना हिंदी सिनेमाचे संवाद किती कळतात ते विचारा. आणि आठ-नऊ वर्षांची पोरं तर वेगळीच गोष्ट. म्हणजे घरातली म्हातारी माणसं आणि लहान पोरं, जी दोघं मिळून टीव्हीसमोर सगळ्यात जास्त बसतात, तीच तुमच्या हिशोबात नाहीत.

आकड्यांचंच बोलायचं असेल तर २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत, हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरे. तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. तमिळ-तेलुगूला तुम्ही देता ते बरोबरच आहे, त्यांनी आपल्या भाषेतच बघणार म्हणून धरून ठेवलं, त्यांचं कौतुक आहे. पण मग आमचं काय कमी पडलं? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, इथं पेढे वाटले लोकांनी, आणि त्याच अभिजात भाषेत ‘सुपरमॅन’ चा एक शो लागत नाही.

कन्नडबद्दल मी वाईट काही लिहिणार नाही, कुणी तशी अपेक्षा ठेवून वाचत असेल तर इथंच थांबा. उलट मला त्यांच्याकडून शिकण्यासारखं वाटतं. कर्नाटकात कितीतरी दशकं डब सिनेमांवर बंदी होती, कायद्यात नव्हती पण इंडस्ट्रीनं पाळलेली होती, १९६० च्या दशकापासून. डबिंग आलं तर कन्नड सिनेमा मरेल ही भीती होती आणि ती भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. पण शेवटी कन्नड प्रेक्षकच उठून म्हणायला लागले की आमच्या पोरांना जगातलं सगळं आमच्या भाषेत पाहिजे. प्रकरण कॉम्पिटिशन कमिशनपर्यंत गेलं, म्हणजे धंद्यात कुणी कुणाला अडवत नाही ना हे बघणारं केंद्राचं कमिशन, २०१५ मध्ये कमिशननं डबिंग अडवणं चूक आहे असा निकाल दिला, २०१७ पासून डब सिनेमे यायला लागले. आणि ६ मे २०२२ ला ‘डॉक्टर स्ट्रेंज’ चा दुसरा भाग आला तेव्हा भाषांच्या यादीत कन्नड आणि मल्याळम पण होतं, जुलैत ‘थॉर’ चं पण तसंच. म्हणजे ज्या भाषेत त्याच्या पाच वर्षं आधीपर्यंत डबिंग नव्हतंच ती भाषा पुढं गेली, आणि मराठी, जिच्यावर कुणी बंदी घातलेलीच नाही, ती मागं राहिली. माझ्या शेजारच्या कन्नड घरातल्या पोराला त्याच्या भाषेत सुपरहिरो मिळाला ह्याचा मला आनंदच आहे, तो आणि माझा पोरगा एकाच गल्लीत बॅटमॅन-बॅटमॅन खेळतात. फक्त एकाला त्याच्या भाषेत मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही हे मला सहन होत नाही.

आमच्या मराठी सिनेमावाल्यांनापण इथंच एक सांगतो. काही जण म्हणतील की इंग्रजी सिनेमे मराठीत आले तर मराठी सिनेमाचे शो जातील. अहो, ती पोरं तशीपण तो सिनेमा हिंदीत बघतातच. शो तर गेलेलाच आहे, वर भाषापण जाते.

दुसरं, सिरीजचं. हे मला जास्त लागतं, कारण थिएटरला वर्षातून दोनदा जातो पण सिरीज घरात रोज चालतात.

आई एकटी असते. वडील २०२० च्या डिसेंबरात गेले. पुढच्याच महिन्यात, १५ जानेवारी २०२१ ला ‘वांडाव्हिजन’ सुरू झाली. नऊ भागांची सिरीज आहे, पहिले भाग जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिरियलसारखे, मला आधी कळेचना काय चाललंय. नंतर कळतं की ‘अ‍ॅव्हेंजर्स’ मधल्या त्या जादूवाल्या वांडाचा जोडीदार मेलेला आहे आणि तिनं दुःखाच्या भरात आपल्या शक्तीनं एक अख्खं गाव बदलून त्यात खोटा संसार मांडलाय, नवरा, घर, दोन जुळी पोरं सगळं. मी रात्री आईच्या खाटेवर बसून तिला ही सिरीज दाखवली. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तिला मोठ्यानं मराठीत सांगायचं, परत सुरू करायचं. अर्ध्या तासाचा भाग बघायला दीड तास जायचा. आठव्या भागात त्या दोघांचं दुःखावरचं एक बोलणं आहे, ते सांगताना मी तीनदा अडखळलो, मला ते मराठीत नीट बसवताच येईना. आईनं हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, “कळलं मला. हे गेल्यापासून मीपण सकाळी दोन कप चहा टाकतोय की अजून. मग एक ओततोय मोरीत.”

मी तिच्या शेजारच्याच खोलीत झोपायचो आणि मला हे माहीत नव्हतं.

माझं म्हणणं हे आहे की ही गोष्ट तिच्यासाठीच होती. सुपरहिरोच्या गोष्टी म्हणजे पोराटोरांचं काम असं म्हणणाऱ्यांनी ती सिरीज बघावी आणि मग बोलावं. मी आजवर बघितलेल्यांत ती सगळ्यात वरच्या तीनांत आहे (शेवटच्या भागातली जादूची मारामारी सोडली तर, ती नसती तरी चाललं असतं). पण असा मुलगा घरोघरी नसतो ना, दीड दीड तास खाटेवर बसून थांबवून सांगणारा. आणि मी जे सांगत होतो ते शेवटी माझं मोडकंतोडकं, एखाद्या चांगल्या मराठी लेखकानं ते वाक्य लिहिलं असतं, एखाद्या नटीनं ते आवाजातून आणलं असतं तर?

शिवाय ह्या सिरीज आणि सिनेमे तुम्ही एकमेकांत गुंतवून ठेवलेत. ‘डॉक्टर स्ट्रेंज’ च्या दुसऱ्या भागात वांडा एवढी का चवताळलीय हे ‘वांडाव्हिजन’ न बघता कुणालाच नीट कळणार नाही. म्हणजे सिनेमाला जायच्या आधी घरी अभ्यास करा म्हणता, आणि अभ्यासाचं पुस्तक आमच्या भाषेत नाही. ‘एंडगेम’ नंतर हे सिनेमे उतरणीला लागले असं सगळे म्हणतात, मलाही तसं वाटतं, आणि त्याचं मोठं कारण हाच गुंता आहे. साधा माणूस सुटला त्यातून.

आमच्या घरात हे वेड माझ्यापासून सुरू झालेलं नाही हेपण सांगायला पाहिजे. वडील ‘वेताळ’ वाचायचे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायची, त्यात तो मुखवटेवाला फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला होता आणि चांगला अस्खलित मराठी बोलायचा. ठोसा मारला की त्याच्या अंगठीचा कवटीचा ठसा समोरच्याच्या जबड्यावर उठायचा. वडिलांच्या ट्रंकेत ती कॉमिक्स होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आईला लग्नानंतर मागावरून आल्यावर त्यांनी ती वाचून दाखवलीत. त्यामुळं आई आजपण कुठलाही सुपरहिरो दिसला की म्हणते, “हा आपल्या वेताळाच्या जातीतला.” साठ वर्षांपूर्वी, कागदावर, इतक्या कमी साधनांत जे जमत होतं ते आज का जमत नाही, ह्याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजे.

पैशाचं कारण सांगू नका. सगळा सिनेमा परत करायचा नसतो. संगीत आणि बाकीचे आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतात, बदलायचं असतं ते फक्त बोलणं. आमच्या धंद्यात म्हणायचं तर कापड तेच, शिवण तीच, अस्तर तेवढं दुसरं लावायचं. आणि हिंदी डबिंगचं काम मुंबईतच होतं, तिथं माणसं पण आमचीच आहेत. २०२१ च्या ‘पुष्पा’ मध्ये अल्लू अर्जुनला हिंदीत आवाज श्रेयस तळपदेंनी दिलाय, सगळ्या देशात तो आवाज गाजला. मराठी माणसाच्या गळ्यातून हिंदी काढून घेता, त्याच गळ्यातून मराठी का काढत नाही?

आणि जमत नाही असंही नाही, जमवलंय तुम्ही. १ जून २०२३ ला ‘स्पायडर-मॅन अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आला, त्यात आपला पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडर-मॅन आहे, मुंबट्टन नावाच्या शहरातला. तो सिनेमा दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. मी रोज अ‍ॅप उघडून बघायचो, बेळगावात मराठीचा शो मला एकदाही दिसला नाही. तेव्हा बहिणीकडं पुण्याला गेलो होतो म्हणून पोराला तिथं दाखवला. तो सहा वर्षांचा होता. सगळ्या सिनेमाभर त्यानं मला एकदाही काही विचारलं नाही. एका विनोदाला तो माझ्या आधी हसला. माझ्या आधी! मला आजपण ते आठवलं की बरं वाटतं. आता त्याच्यासाठी दरवेळी साडेतीनशे किलोमीटर पुण्याला जायचं काय? कोल्हापूर जवळ आहे म्हणाल तर तेपण शंभराच्या वर किलोमीटर, आणि सीमेवर जरा काही झालं की पहिल्यांदा बसच बंद होतात.

त्याच जून महिन्यात ‘केरला क्राइम फाइल्स’ ही मल्याळम सिरीज आली, सात भाषांत, मराठी धरून. आणि २०२५ च्या शेवटी ‘लोका’ ओटीटीवर आला, तो मल्याळम सुपरहिरो सिनेमा, भाषांच्या यादीत मराठी बघून मी दुकानातून घरी फोन केला होता. त्या सिनेमाबद्दल मला खूप लिहायचंय पण थोडक्यात सांगतो. केरळातल्या नीली यक्षिणीची जुनी दंतकथा घेतलीय आणि तिला आजच्या बेंगळुरूत आणून सोडलीय, एका साध्या भाड्याच्या घरात राहते, रात्री कॅफेत काम करते. कल्याणी प्रियदर्शननं काय काम केलंय! मला विचाराल तर गेल्या दोन-तीन वर्षांत परदेशातून आलेल्या कुठल्याच सुपरहिरो सिनेमात एवढा दम नव्हता, कारण ह्यांनी शक्ती बाहेरून उसनी आणली नाही, आजीच्या गोष्टीतून आणली. आई अडीच तास भिंतीला टेकून बसली. मला काहीही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाली, “ही आपल्या सौंदत्तीच्या यल्लम्मासारखी आहे, हिला दुखवलंय कुणीतरी म्हणून ही अशी झालीय.” मल्याळम सिनेमा, बेंगळुरूची गोष्ट, वडगावातली म्हातारी, आणि तिला सौंदत्तीचा डोंगर आठवला. हे मराठी ट्रॅकनं झालं, दुसऱ्या कशानं नाही.

‘मिन्नल मुरली’ ह्या दुसऱ्या मल्याळम सुपरहिरो सिनेमाचंपण असंच झालं असतं. २४ डिसेंबर २०२१ ला आला तो, त्यात हिरो आमच्यासारखा गावातला टेलर आहे, अंगावर वीज पडते आणि शक्ती येते. मी तर दुसऱ्या दिवशी दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. व्हिलन पण चहाच्या टपरीवर राबणारा, गावानं वेडा म्हणून हाकललेला साधा माणूस, त्याला बघून मी रडलोय. हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड सगळं होतं, मराठी नव्हतं. आमची गल्लीतली सगळी टेलर मंडळी सहकुटुंब बसून बघितली असती.

क्रिकेटचं बघा. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर बारा भाषांत दाखवली, मराठी होती. त्या मराठी कॉमेंट्रीत असलेले केदार जाधव मध्येच बेंगळुरूच्या टीमकडून खेळायला गेले, तेव्हा आमच्याकडं लोक दोन्हीकडून खूश होते. मॅचच्या वेळी आईपण येऊन बसायची. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मराठी माणसाला हिंदी कॉमेंट्री चालते.

बायकोची तक्रार वेगळी आहे, तीपण लिहायला सांगितलीय तिनं. मी २०२४ मध्ये ‘द पेंग्विन’ बघत होतो, आठ भागांची सिरीज, बॅटमॅनच्या गावातली पण बॅटमॅन नसलेली. पेंग्विन झालेला कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखूच येत नाही, आणि क्रिस्टिन मिलिओटीनं त्यातल्या सोफियाचं जे काम केलंय त्याला पुढं टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, मिळायलाच पाहिजे होता. पण ती खरी आई-मुलाची गोष्ट आहे, आईची आठवण जात चाललीय आणि मुलगा तिच्या शब्दासाठी जीव टाकतोय, कुठल्या थराला जातोय. मी रात्री बायकोला अर्धी गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, मला का नाही बघायला मिळत, मला हिंदी येतं पण एवढ्या वेगानं बोललेलं कळत नाही, मी काय जन्मभर संध्याकाळच्या मराठी सिरियलीच बघायच्या काय. हा तिचा प्रश्न मी जशाच्या तसा तुमच्यापुढं ठेवतोय.

आता मराठी करणारच असाल तर कसं करू नका तेपण सांगतो, कारण वाईट डबिंग झालं तर लोक परत हिंदीकडं जातील आणि तुम्ही म्हणाल बघा, डिमांड नव्हती. पेपरातल्या अग्रलेखासारखं मराठी नको. माणसं बोलतात तसं पाहिजे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, हिरो स्वच्छ पुणेरी बोलणार आणि त्याच्या मागचा बावळट मित्र, चोर, पहारेकरी हे कोल्हापुरी नाहीतर वऱ्हाडी बोलणार, असलं करू नका. आमची बोली म्हणजे हसायची जागा नाही. बेळगावच्या बोलीत माझ्या आईनं नवरा गेल्याचं दुःख एका चहाच्या कपात सांगितलं, ती बोली हिरोच्या तोंडी पण शोभते. नावं बदलू नका, स्पायडर-मॅनचा कोळीमानव नको, पोरांना मूळ नावं पाठ आहेत. मराठी सबटायटलपण द्या, मोठ्या अक्षरांत, आमच्या पोरांचं वाचन त्यानं सुधारेल.

तर मागण्या ह्या आहेत. मोठा सुपरहिरो सिनेमा चार-सहा भाषांत आणता तेव्हा त्यात मराठी धरायची. ओटीटीवरच्या सिरीजना मराठी ट्रॅक द्यायचा, सगळ्या जुन्या लगेच नको, ‘वांडाव्हिजन’ आणि ‘लोकी’ पासून सुरुवात करा. जो मराठी ट्रॅक एकदा तयार झाला तो थिएटरातून सिनेमा उतरल्यावर गायब होऊ द्यायचा नाही, ओटीटीवर पण ठेवायचा. आणि मराठी प्रिंट निघाली की ती फक्त मुंबई-पुण्याला न पाठवता बेळगाव, निपाणी, खानापूरला पाठवायची. इथल्या थिएटरवाल्यांनी पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवारी दुपारचा एक शो मराठीला द्यावा, रात्री साडेदहाचा नको, त्या वेळेला म्हातारी माणसं आणि पोरं येत नाहीत आणि मग तुम्ही रिकाम्या खुर्च्या मोजता. दोन शनिवार-रविवार करून बघा, भरले नाहीत तर माझ्याकडं येऊन सांगा.

३१ जुलै २०२६ ला नवा ‘स्पायडर-मॅन’ जाहीर झालाय आणि १८ डिसेंबरला ‘अ‍ॅव्हेंजर्स डूम्सडे’. वेळ आहे अजून. डिसेंबरात वडिलांचं वर्षश्राद्ध असतं, ते झालं की आईला घेऊन जायचं ठरवलंय, वेताळाच्या जातीतले सगळे एका ठिकाणी येणार म्हणून तिला सांगून ठेवलंय. चार तिकिटं लागतील, बायको धरून. मराठीचा शो लावला तर पहिल्या दिवशीची काढतो.

आपला,
वडगाव, बेळगाव येथील एक प्रेक्षक